नाशिक ते धुळे, जानेवारीची पहाट: अंगात काय काय घालायचं

हिवाळ्यात बाईकवर लांब जाताना काय घालावं, असं शोधलं की सगळे लडाखचे नाहीतर स्पितीचे कपडे दाखवतात. जाड जॅकेट, आत अस्तर, गुडघ्यापर्यंत बूट. तिकडे दिवसभर थंडी असते, तिकडे ते बरोबरच आहे. आपल्याकडे थंडी पहाटेची. नाशकातून निघताना ८-९ अंश, ओझर-पिंपळगावच्या पट्ट्यात त्याहूनही कमी, आणि त्याच दिवशी दुपारी धुळ्यात ऊन डोक्यावर, पारा २८ च्या आसपास. त्यामुळे कपडे नुसते उबदार असून भागत नाही. ते रस्त्यात, टपरीसमोर, चारचौघांत उभं राहून एकेक करून काढता आले पाहिजेत. बाई माणसाला तर फारच.

माझी नोकरी नाशकात, माहेर धुळ्याला. अंतर १६० किलोमीटरच्या आतबाहेर. मी युनिकॉर्न चालवते, तिला पुढे काच नाही, त्यामुळे वारा थेट छातीवर येतो.

आधी या वाऱ्याबद्दल, कारण खरा त्रास त्याचा आहे. आपलं शरीर कातडीलगतची हवा तापवून तिचा एक पातळ थर धरून ठेवतं. वारा तो थर सतत काढून नेतो आणि शरीर पुन्हा तापवत बसतं. वाऱ्यामुळे थंडी किती जास्त लागते हे काढायचं एक सूत्र अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरतात. त्यात १० अंश तापमान आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा घातला की उत्तर ५ अंश येतं. ६ अंश घातले तर शून्याच्याही किंचित खाली. हा हिशेब उघड्या कातडीचा आहे, पण जॅकेटच्या चेनमधून, बाहीतून, गळ्यापाशी वारा जिथे जिथे शिरतो तिथे तो लागू पडतोच.

नाना, म्हणजे माझे वडील, राजदूत मोटरसायकलवर धुळ्याहून झोडग्याच्या शाळेवर शिकवायला जायचे. शर्ट आणि स्वेटरच्या मध्ये आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्राची चार पानं उघडून छातीवर लावायचे. शाळेत पोचले की पानं काढून घडी घालून टेबलाच्या खणात. हा उपाय आजही चोख आहे. कागदातून वारा जात नाही आणि घड्यांमध्ये हवा अडकते. थंडीच्या कपड्यांना करायची असतात ती दोन्ही कामं त्या चार पानांत होतात, आणि ती कुठेही काढता येतात.

आता माझं. अगदी आत अंगाला चिकटून बसणारं पूर्ण बाह्यांचं सिंथेटिक थर्मल. सुती काही नाही. बॅग बांधताना, गाडी पार्किंगमधून काढताना घाम येतो. सुती कापड तो पिऊन बसतं आणि लवकर वाळत नाही. मग महामार्गावर पाठ गार पडते ती पडतेच. त्यावर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर. बिनबाह्यांचा अशासाठी, की ऊब छातीला हवी असते आणि काखेत कपडा दाटला की हात अवघडतात. त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवदार सिंथेटिक कापडाचं जॅकेट, पुढून चेनचं. डोक्यातून घालायचं नको, कारण ते काढायचं तर हेल्मेट, टोपी, केस, सगळंच सोडावं लागतं. मग जाळीचं रायडिंग जॅकेट, खांदे-कोपरांच्या गार्डसह. आणि सगळ्यात वर रेनकोट, एक साइझ मोठा.

जॅकेटच्या आत लावायचा पावसाळी लायनर मिळतो, पण मला रेनकोट बाहेरूनच बरा वाटतो. वारा पहिल्या कापडावरच अडतो, जाळीत शिरतच नाही, आणि काढायचा तर अर्ध्या मिनिटात निघतो. एक काळजी मात्र घ्यायची. गडद रेनकोटखाली जॅकेटच्या चमकणाऱ्या पट्ट्या झाकल्या जातात. पहाटे धुक्यात मागच्या ट्रकला आपण दिसलं पाहिजे. मी वरून रेडियमच्या पट्ट्यांची जाळीची बंडी घालते.

सगळे थर थोडे सैल हवेत. जुन्या साड्यांची गोधडी ऊब धरते ती थरांच्या मधल्या हवेमुळे. कपडे एकावर एक कोंबले की ती हवाच जाते, उरतं ते नुसतं ओझं.

पायांसाठी माझा नियम अगदी ठाम आहे. आतून थर्मल नाही. ते दुपारी काढणार कुठे? महामार्गावर स्वच्छ बाथरूम शोधायचं, ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहून बूट, जीन्स, थर्मल उतरवायचं आणि पुन्हा सगळं चढवायचं? त्याऐवजी जीन्सवर गुडघ्याचे गार्ड आणि त्यावर रेनपँट. गुडघा वाऱ्याच्या समोर असतो आणि गार्डचं प्लास्टिक तोही वारा अडवतं. रेनपँट बूट न काढता निघावी, म्हणून खाली पोटरीपर्यंत चेन असलेली बघून घ्यावी. पायमोजे लोकरीचे, एकच जोड. दोन घातले की बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

बोटांबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे, कारण बधिर बोटांनी ब्रेक उशिरा लागतो आणि ते आपल्याला कळतही नाही. शरीर गारठलं की ते हातापायांकडचं रक्त आखडतं घेऊन छाती-पोटाला जपतं. म्हणून हातमोजे कितीही भारी घेतले तरी छाती उघडी असेल तर बोटं आखडणारच. आधी छाती आणि गळा बंद करायचा, मग मोज्यांकडे बघायचं. मोज्यांच्या आत मी मेडिकलमध्ये मिळतात ते पातळ रबरी मोजे घालते. तासाभराने हात घामेजतात, म्हणून चांदवडला ते काढून हात पुसून दुसरा जोड. हातमोज्याचं मनगट रेनकोटच्या बाहीवर यायला हवं, बाहीच्या आत नको. हात पुढे असतात, बाहीचं तोंड वाऱ्याकडे असतं आणि तिथून आलेली हवा थेट काखेपर्यंत जाते. निघण्याआधी हँडल धरून बघते, मनगटाजवळ कातडी दिसता कामा नये.

गार बोटं सायलेन्सरला लावून शेकणारे बरेच दिसतात. कृपा करून करू नका. सिंथेटिक मोजा वितळतो, आणि बधिर बोटाला चटका उशिरा कळतो. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला तरी पुष्कळ होतं.

ओढणी गळ्याला गुंडाळून गाडी चालवायची नाही. टोक सुटून गाडीच्या चेनमध्ये गेलं तर सावरायला वेळ मिळत नाही. पातळ बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं, तोंड आणि मान झाकणारी टोपी, घ्यावा, त्याची मान थर्मलच्या आत खोचावी. जाड लोकरी कानटोपीने हेल्मेट नीट बसत नाही. काचेवर वाफ धरते म्हणून बालाक्लाव्हा नाकाखाली, आणि काच एक खाच उघडी.

पाचला निघते. ओझर-पिंपळगावच्या बाजूला कडाका असला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या दिसतात, धूर बागेवर पसरलेला असतो आणि ठिबकचं पाणी चालू असतं. पीक वाचवायची ती धडपड आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा निफाडचा पारा पेपरात येतो तो याच भागातला. चांदवडला पहिला चहा. राहुड घाटात उजाडतं आणि ऊन दिसलं की रेनकोट काढावासा वाटतो. काढू नये. रात्रभर जमीन थंड होत असते, त्यामुळे दिवसातलं सगळ्यात कमी तापमान सूर्य उगवताना किंवा त्याच्या थोडं नंतर असतं. मी उमराणं, सौंदाणं, मालेगाव तशीच ओलांडते आणि झोडग्याला पोहे खाताना रेनकोट, रेनपँट दोन्ही उतरवते. पुढे जाळीतून येणारा वारा फ्लीसला झेपतो. लळिंगचा किल्ला दिसेपर्यंत फ्लीसची चेनही उघडलेली असते.

परतीला हेच उलटं. धुळ्याहून दुपारी तीनला निघताना अंगात थर्मल आणि जॅकेट, बस्स. मालेगावला फ्लीस, आणि सूर्य बुडायच्या आधी चांदवडला बाकी सगळं, थंडी वाजत नसली तरी. गाडीवर आपण बसून असतो, चालणाऱ्यासारखी अंगात उष्णता तयार होत नाही. कपडे आहे ती ऊब धरतात, नवी देत नाहीत. हुडहुडी भरल्यावर घातलेला स्वेटर गार अंगावरच बसतो. म्हणून धुळ्यात बॅग भरतानाच रेनपँट आणि रेनकोट सगळ्यात वर, त्याखाली लोकरी स्वेटर, रबरी मोज्यांचा नवा जोड बाजूच्या कप्प्यात. आईचे लाडू आणि भाजी खाली गेली तरी चालतात.