अ‍ॅपथीची प्रश्नावली कोणाकडून भरून घ्यावी?

धुळे-जळगावकडच्या ओपीडीत "घरात काहीच बोलत नाहीत, नुसते बसून राहतात" अशी तक्रार घेऊन ज्या वृद्धांना आणले जाते, त्यांच्या जुन्या केसपेपरवर बहुधा डिप्रेशन असे लिहिलेले असते आणि एखादी गोळीही चालू असते. त्यांपैकी काहींना डिप्रेशन असतेच. परंतु पक्षाघातानंतर, पार्किन्सनमध्ये, अल्झायमरमध्ये किंवा मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारात पुष्कळदा रडू नसते, अपराधीपणा नसतो, मरणाचे विचारही नसतात; स्वतःहून काही करावे ही ओढच तेवढी मंदावलेली असते. हीच अ‍ॅपथी. घरचे तिला आळस म्हणतात, शेजारीपाजारी "वय झाले" म्हणतात, आणि आम्ही डॉक्टर मंडळी घाईत असलो की तिला डिप्रेशनच्या खात्यात टाकून मोकळे होतो. यात आणखी एक अडचण आहे: डिप्रेशनसाठी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील गोळ्यांनी काही रुग्णांची ओढ उलट अधिकच कमी होते.

या गोंधळात प्रश्नावल्यांचाही हात आहे. वृद्धांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 15 प्रश्नांच्या डिप्रेशन प्रश्नावलीत आवडीची कामे सुटली आहेत का, बाहेर जाण्यापेक्षा घरीच बसावेसे वाटते का, अंगात उत्साह आहे का, असे प्रश्न आहेत. मनात दुःखाचा लवलेश नसलेला माणूसही या तिन्ही ठिकाणी गुण मिळवतो. त्यामुळे बेरीज पाहण्याआधी गुण नेमके कोणत्या प्रश्नांवर पडले आहेत, हे पाहिलेच पाहिजे.

अ‍ॅपथीसाठी स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत. अमेरिकेतील रॉबर्ट मॅरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये 18 प्रश्नांची अ‍ॅपथी इव्हॅल्युएशन स्केल मांडली. प्रत्येक प्रश्नाला 1 ते 4 गुण, म्हणजे एकूण 18 ते 72, आणि गुण जितके अधिक तितकी अ‍ॅपथी अधिक. पुढच्याच वर्षी स्टार्कस्टाइन यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी तिची 14 प्रश्नांची छोटी आवृत्ती तयार केली. तिचे गुण 0 ते 42 आणि 14 किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे अ‍ॅपथी असा संकेत रूढ झाला. मॅरिन यांच्या स्केलच्या तीन प्रती आहेत: एक रुग्णाने स्वतः भरायची, दुसरी जवळच्या माणसाने, तिसरी मुलाखत घेऊन तज्ज्ञाने. प्रश्न तेच, उत्तर देणारा वेगळा. माझ्या मते आमच्या भागात या स्केलचा सारा कस याच ठिकाणी लागतो.

शिरपूर तालुक्यातील एक कापूस उत्पादक शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे, वर्षभरापूर्वी सौम्य पक्षाघात होऊन गेलेला (ओळख पटू नये म्हणून इतर तपशील बदलले आहेत). घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. हातापायांत बळ परतले होते, स्मरण बरे होते. प्रश्न विचारले की ते एकच सांगत, "माले काय व्हयनं? मी बरा शे." स्वतः भरलेल्या प्रतीत त्यांना गुण फारच कमी पडले, म्हणजे कागदोपत्री नाना उत्साही ठरले. आजाराची जाणीवच ज्याच्यात बोथट होते, त्याच्याकडे त्याच आजाराची चौकशी केली तर असेच उत्तर येणार. मग जवळच्या माणसाची प्रत भरायला घेतली, तर दवाखान्यात बरोबर आलेला मुलगा पुण्याला नोकरीला. त्याने सगळीकडे टोकाचे पर्याय निवडले. तो येतो सणासुदीला आणि त्याला आठवतात ते दहा वर्षांपूर्वीचे, पहाटे बैल जुंपणारे वडील. नानांच्या पत्नीचे उत्तर निराळे: "जेवायला वाढले की जेवतात, अंघोळीला पाणी काढले की अंघोळ करतात, आता पहिल्यासारखे चिडत नाहीत. मला काही त्रास नाही." सूनबाईंना स्वतंत्र बसवून विचारले, तेव्हा कामाची माहिती मिळाली. कापूस वेचायला मजूर आले की नाही, हे नानांनी यंदा एकदाही विचारले नव्हते. व्यापारी दारात भाव करून गेला, तेव्हा ते ओट्यावरच बसलेले होते आणि भाव किती ठरला हेही त्यांनी विचारले नाही. ज्या माणसाने क्विंटलमागे दहा रुपयांसाठी व्यापाऱ्याला माघारी धाडले होते, त्याच्याविषयीची ही दोन वाक्ये मला कोणत्याही बेरजेपेक्षा मोलाची वाटतात.

एकत्र कुटुंबात जवळचा माणूस म्हणजे वयाने मोठा किंवा कागदावर सही करणारा, असे आपण गृहीत धरतो. प्रश्नावलीला हवा असतो तो दिवसभर नजरेसमोर वावरणारा, आणि तो बहुतेक घरांत सून किंवा पत्नी असते. परंतु सासऱ्यांसमोर सून बोलणार नाही, म्हणून तिच्याशी बोलण्याची सोय वेगळी करावी लागते.

दुसरी बाब संधीची. स्केलमध्ये नवे अनुभव घ्यावेसे वाटतात का, नवे शिकण्यात रस आहे का, मित्रांना भेटणे महत्त्वाचे वाटते का, असे प्रश्न आहेत. उभा जन्म गाव, शेत आणि बाजाराचा दिवस यांत गेलेल्या माणसाला नवा अनुभव म्हणजे काय, हे समजावण्यातच वेळ जातो. म्हणून मी तज्ज्ञाची प्रत वापरतो. तीत रुग्णाला आधी त्याच्या आवडी आणि दिवसभराचा क्रम सांगायला लावतात, आणि तो किती गोष्टी सांगतो, न खोदता किती बोलतो, यावरही गुण ठरतात. बायांच्या बाबतीत मी श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाविषयी हटकून विचारतो. प्रसादाच्या रोटांसाठी गहू निवडायला त्या स्वतः बसल्या का, कोणाकडे किती रोट झाले याची त्यांनी चौकशी केली का, की आरतीला नेऊन बसवले तेवढ्या वेळ बसल्या? पुरुषांची अ‍ॅपथी घरात उशिरा लक्षात येते, असा माझा अनुभव आहे, कारण त्यांचे ताट आयतेच समोर येते. बाईने चूल पेटवली नाही की त्याच सकाळी बोभाटा होतो.

ऋतूचेही भान ठेवावे लागते. 2018 मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार लक्षणे किमान 4 आठवडे टिकलेली असावीत आणि तो बदल त्या माणसाच्या पूर्वीच्या वागण्याच्या तुलनेत असावा. जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना गेल्या चार आठवड्यांत तुम्ही बाहेर किती पडलात, असे विचारले तर निम्मे खान्देश अ‍ॅपथीत निघेल.

स्मृतिभ्रंशात वागण्यात होणारे बदल सांभाळणाऱ्याला विचारून मोजणाऱ्या, कमिंग्ज यांच्या 1994 च्या न्यूरोसायकियाट्रिक इन्व्हेंटरीत अ‍ॅपथी हा एक विभाग आहे. त्यात वारंवारता 1 ते 4 आणि तीव्रता 1 ते 3 यांचा गुणाकार करतात, म्हणजे जास्तीत जास्त 12. शिवाय सांभाळणाऱ्याला होणारा त्रास 0 ते 5 असा वेगळा नोंदवता येतो. नानांच्या पत्नीने त्रास शून्य सांगितला असता, आणि तो खराही होता. म्हणूनच हे रुग्ण दवाखान्यात उशिरा येतात. रात्री ओरडणाऱ्या, घराबाहेर निघून जाणाऱ्या रुग्णाला तातडीने आणले जाते, गप्प बसलेल्याला कोणी आणत नाही.

पार्किन्सनमध्ये हालचाल मंद आणि चेहरा निर्विकार असल्यामुळे घरचे अ‍ॅपथी असल्यापेक्षा अधिक नोंदवू शकतात. हातपाय हलवता न येणे आणि हलवावेसेच न वाटणे यांत फरक करण्यासाठी 2014 मध्ये डायमेन्शनल अ‍ॅपथी स्केल आली. तीत 24 प्रश्न असून नियोजन, भावना आणि सुरुवात करण्याची वृत्ती हे तीन भाग वेगवेगळे मोजले जातात. वेळ असेल तर तीच वापरावी. ऐकू कमी येणे, मोतीबिंदू, थायरॉइड हे तर कोणतीही प्रश्नावली हाती घेण्याआधीच पाहून घ्यायचे.

गुण किती उतरले म्हणजे सुधारणा मानायची, हा प्रश्न औषधाच्या वेळी येतो. अल्झायमरच्या 200 रुग्णांवर सहा महिने चाललेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिथाइलफेनिडेट घेणाऱ्यांचे अ‍ॅपथीचे गुण वरील इन्व्हेंटरीवर नकली गोळी (प्लासिबो) घेणाऱ्या गटापेक्षा सरासरी 1.25 ने अधिक उतरले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकतो. बारापैकी सव्वा गुण घरात कसा दिसेल, हे मात्र घरातल्या माणसालाच विचारावे लागते, आणि दोन्ही वेळा एकाच माणसाला. पत्नीच्या पहिल्या आकड्याशी मुलाचा दुसरा आकडा जोडला, तर औषधाने काय केले हे कळणारच नाही. म्हणून प्रश्नावलीच्या वरच्या कोपऱ्यात मी आता उत्तर देणाऱ्याचे नाते, तो रुग्णासोबत दिवसाचे किती तास असतो, आणि महिना लिहून ठेवतो. नानांच्या चिठ्ठीवर पुढच्या तारखेखाली "सूनबाईंना बरोबर आणावे" असेही लिहिले आहे.