पहिलीचे प्रवेश बंद

जुन्या गोव्यात गाइड म्हणून काम करतो, मराठी ग्रुप बहुतेक माझ्याकडेच येतात. बॉम जेझू चर्चला सगळ्यांना जायचं असतं, पण वर टेकडीवरच्या सांता मोनिका या नन्सच्या मठापर्यंत चढायला कोणी तयार नसतं. त्या दिवशी निम्मा ग्रुप बसमध्येच बसून राहिला आणि दहा-बारा जण आले, त्यात एक रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाईच म्हणत होते.

मी नेहमीचं सुरू केलं. आर्चबिशप मेनेझिसनी 1606 मध्ये ऑगस्टिनियन संघाच्या नन्ससाठी हा मठ सुरू केला, इमारत 1627 ला पूर्ण झाली, 1636 ला मोठी आग लागली, मग परत बांधला. तीन मजली चिऱ्याचं बांधकाम, आणि रस्त्याच्या बाजूला भिंतींना टेकू म्हणून बांधलेले ते प्रचंड जाड आधार, माणूस शेजारी उभा राहिला तर अगदी एवढासा दिसतो. बाई त्या चिऱ्यावर हात ठेवून ऐकत होत्या, पावसाने त्याला बारीक बारीक भोकं पडलीयत.

मग मी म्हटलं की 1834 ला पोर्तुगालने साधू-नन्सचे धार्मिक संघच बंद केले, पुढच्या वर्षी ते इथे लागू झालं. शेजारचा सेंट ऑगस्टिनचा मठ पुरुषांचा, तो लगेच रिकामा झाला आणि काही वर्षांत छप्पर कोसळलं, तो समोर उरलेला मनोरा त्याचाच. नन्सना मात्र बाहेर काढलं नाही, फक्त नवीन मुलगी घ्यायची नाही एवढाच नियम, आहेत त्यांनी राहायचं. शेवटची नन 1885 मध्ये वारली तेव्हा मठ संपला.

हे मी इतक्या वेळा बोललोय की तोंडपाठ आहे, पुढे 1964 पासून इथे पुन्हा सिस्टर्सची शिक्षणसंस्था आहे तिकडे वळणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांब रे बाळा. म्हणजे पहिलीचे प्रवेश बंद केले."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या मराठी शाळेत असंच झालं, कुलूप कोणी लावलं नाही, फक्त पहिलीत मुलं घेऊ नका म्हणाले. पुढच्या वर्षी दुसरी गेली, मग तिसरी. शेवटी चौथीत तीन पोरं उरली, तरी त्या रोज परिपाठ घ्यायच्या, प्रार्थना, सुविचार, सगळं. वर्गात बोललं की घुमायचं म्हणाल्या.

एवढी वर्षं हे सांगतोय पण मला ती माणसं कधी दिसलीच नव्हती. दरवर्षी जेवायच्या टेबलावर एक जागा कमी, प्रार्थनेत एक आवाज कमी. मला पुढचं काही बोलायला सुचेना.

बाई बोटांवर मोजत होत्या. "पस्तीस ते पंच्याऐंशी, पन्नास वर्षं," त्या म्हणाल्या, "आमचं चारच वर्षांत आटोपलं."