हात वर करून दाखव

फॅशन डिझाइनला प्रवेश घेतला तेव्हा गावात माझ्याबद्दल दोन मतं होती. एक, पोरगी पैसे भरून शिवणकाम शिकणार, जे आईकडे फुकट शिकली असती. दुसरं, पोरगी आता टीव्हीवर दिसणार. दोन्हीला मी हसायचे. आता वाटतं, पहिल्या मतावाल्यांचं थोडं ऐकलं असतं तर दुसरं वर्ष इतकं जड गेलं नसतं.

आमचं घर निफाड तालुक्यात. तीन एकर द्राक्षबाग आणि ओटीवर आईचं शिलाई मशीन. आई गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. बारावीनंतर मी निफ्टची, म्हणजे सरकारी फॅशन संस्थेची, प्रवेश परीक्षा दिली, खारघरच्या कॅम्पसची स्वप्नं बघितली, यादीत नाव आलं नाही. मग नाशिकमधल्या एका खासगी कॉलेजात तीन वर्षांच्या पदवीला गेले. फी दोन हप्त्यांत. आमच्याकडे पैसा येतो तो माल उतरल्यावरच, त्यामुळे जूनचा हप्ता वेळेवर जायचा, डिसेंबरचा कधीच नाही. ऑफिसातल्या बाईंना अवकाळी पाऊस म्हणजे काय हे मी तीन वर्षं समजावत होते.

पहिल्या सत्रात आम्ही कापड शिवलंच नाही, कागद शिवला. मशीनला दोरा न ओवता वहीच्या रेघांवरून सुई चालवायची. आधी सरळ रेघ, मग चौकोन, मग गोगलगायीसारखी गोल गोल आत जाणारी. कॉलेजातली मशीन कारखान्यातल्यासारखी, मोटरवर चालणारी. पाय जरा जड पडला की सुई रेघ सोडून थेट समासात. आईच्या पायमशीनवर मी लहानपणापासून बसलेली, तरी माझा कागद वर्गात सगळ्यात जास्त फाटलेला होता.

चित्रकलेत मात्र मी खूश होते. फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोक्यांची काढतात, म्हणजे डोक्याची उंची नऊ वेळा मोजली की तिची उंची होते. खरा माणूस जेमतेम साडेसात डोक्यांचा. त्या जादाच्या उंचीतली बरीचशी पायांना जाते. अशा लांब पायांच्या बायांना मी रात्र रात्र जागून झगे चढवले. एकदा गंमत म्हणून आईची डोकी मोजली, तर सातसुद्धा भरेनात. "मग मला तुझा कपडा नाहीच बसायचा," ती म्हणाली आणि काजं करायला लागली.

खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी झाली, बाहीवर.

पॅटर्न मेकिंगच्या तासाला खाकी कागदावर मापं उतरवायची, कापायची, मग मांजरपाटात कच्चा कपडा शिवून डमीवर चढवायचा. मांजरपाट मी मेन रोडच्या आत कापड पेठेतून आणायचे. पहिल्यांदा दोन डाव्या बाह्या कापल्या. कापडाची घडी न घालता एकाच कागदावरून दोनदा कापलं की असं होतं, आणि प्रत्येकाचं एकदा तरी होतंच. मांजरपाट दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून एक बाही उलटी करून निभावलं. छापील कापड असतं तर रडले असते.

दुसऱ्यांदा सगळं बरोबर आलं. डमीवर माझा शर्ट असा देखणा बसला होता, बाही खांद्यावरून अशी सरळ उतरली होती, की मी फोटो काढून घरी पाठवला. पॅटर्नच्या मॅडम आल्या, लांबूनच बघितलं आणि माझ्या शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "तू घाल गं हा." तिनं घातला. "आता हात वर करून दाखव."

हात खांद्याच्या जरा वर गेला आणि अडकला. शर्टाचा खालचा घेर पोटावरून सरकत वर आला, पाठीत कापड ताणलं आणि बगलेत टर्र आवाज झाला. डमीला हात नसतात, ही गोष्ट मी दीड वर्ष रोज बघत होते आणि माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं. बाहीच्या कागदाला वर डोंगरासारखा उंचवटा असतो, त्याला आम्ही कॅप म्हणतो. कॅप उंच ठेवली की बाही अरुंद होते आणि सुबक पडते, पण हात उचलला की बगलेतलं कापड कमी पडतं. कॅप कमी केली की बाही रुंद होते, हात मोकळा होतो, पण हात खाली असताना बगलेत चुण्या जमतात. दोन्ही सुखं एका बाहीत मिळत नाहीत. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "भाकरी थापणाऱ्या बाईची बाही आणि लग्नात मिरवणारीची बाही एक कशी असेल?" हे तिला कुणी फळ्यावर शिकवलं नव्हतं. त्या सत्रात मला काठावरचे मार्क मिळाले. सबमिशनची तारीख दोनदा अलीकडे आणली होती, तो राग अजून आहे, पण मार्क बरोबरच होते.

तिसऱ्या वर्षी शेवटचं कलेक्शन करायचं असतं. आम्हाला येवल्याला नेलं होतं, हातमागावर पैठणी विणताना दाखवायला. रंगीत रेशमाच्या बारीक कांड्या एकेक करत ताण्यातून सरकतात आणि पदरावर मोर उमटतो, तोही दोन्ही बाजूंनी सारखा. परत येताना बसमध्येच निम्म्या वर्गानं पैठणी ठरवली. पैठणीचं जॅकेट, पैठणीचा गाऊन. मीही ठरवली होती.

ते मोडलं आमच्या बागेत. डिसेंबर होता, निफाडची थंडी. डिपिंग चालू होतं, म्हणजे द्राक्षाचे घड जीएच्या, मणी फुगवणाऱ्या औषधाच्या, पाण्यात एकेक करून बुडवायचे. पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी आली होती. द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो, त्यामुळे डिपिंग असो की विरळणी, सगळं हात वर करून. दिवसभर. बायकांनी लुगड्यावर नवऱ्यांचे जुने शर्ट घातले होते. शर्ट खांद्यावरून घसरलेले, कफाची बटणं तुटलेली, आणि घडाचं थंडगार पाणी मनगटावरून बाहीत, तिथून कोपरापर्यंत. एक मावशी दर थोड्या वेळानं हात खाली करून बाही पिळत होती. मी डबा द्यायला गेले होते, तिथेच उभी राहिले.

पैठणी सोडली. मॅडम म्हणाल्या, "ज्युरीला आवडेलच असं नाही." मी बागेतल्या बाईसाठी शर्ट करायला घेतला. कॅप अगदी कमी. बगलेत चार इंचाचा चौकोनी तुकडा. मॅडम त्याला गसेट म्हणायच्या, आमच्या गावातले म्हातारे शिंपीबाबा चौबगला. तो बसवणं हे एक स्वतंत्र दुखणं आहे. दर कोपऱ्याला सुई कापडातच रुतवून ठेवायची, मशीनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचं, पाय खाली. एक टाका पुढे गेला तर चुणी, एक मागे राहिला तर भोक. अकरा चौबगले उसवल्यावर बारावा बसला. मनगटाला घट्ट पट्टी आणि दोन बटणं, म्हणजे पाणी आत जायला नको. पॉपलिन घेतलं, आणि आईनं बजावूनही भिजवून न घेताच कापलं. धुतल्यावर बाही पाऊण इंच आटली. आई काही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट.

ज्युरीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "यात फॅशन कुठे आहे?" मी तयारी केलेलं उत्तर विसरले आणि शर्ट घातलेल्या मैत्रिणीला म्हणाले, "हात वर करून दाखव." तिनं दोन्ही हात सरळ वर केले. खालचा घेर जागचा हलला नाही. परीक्षकांनी बगलेतला तुकडा बोटांनी चाचपला, वहीत काहीतरी लिहिलं. बी ग्रेड मिळाली. पैठणीच्या गाऊनला ए. गाऊन सुंदर होता, खोटं कशाला बोलू.

पुढच्या हंगामात मी चार शर्ट शिवून टोळीतल्या बायकांना दिले. दोन दिवसांनी विचारायला गेले. बाही चांगली आहे, असं सगळ्याच म्हणाल्या. फिका रंग नको, डाग दिसतात. मोबाईलला खिसा हवा, आणि तो छातीवर नको, वाकलं की पडतो. मी वहीत उतरवून घेतलं. मग बाही पिळणाऱ्या त्या मावशीनं विचारलं, "विकत घेतला तर केवढ्याला पडंल?"

कापड, बटणं, दोरा आणि आईची शिलाई धरून मी आकडा सांगितला. शिलाई कमीच धरली होती.

"आमच्या मालकाचा जुना शर्ट फुकट भेटतो ना बाई," ती म्हणाली आणि पुढच्या घडाकडे वळली. अंगात मात्र माझाच शर्ट होता.