भायखळ्याचा दगड

बाबांनी 1971 ते 1982 अशी अकरा वर्षं रोज कुर्ला ते भायखळा लोकलने ये-जा केली. गिरणी संपात बंद पडली, आम्ही आधी गावी आणि मग पुण्याला आलो. त्यानंतर ते भायखळ्याला कधी उतरले नाहीत. मागच्या महिन्यात मीच हट्ट धरला आणि त्यांना घेऊन गेले.

डेक्कन क्वीनने दादर आणि तिथून स्लो लोकल. मंगळवार होता, दहा वाजून गेले होते. मला वाटलं होतं गर्दी ओसरली असेल. दादरच्या पुलावर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दोन्ही बाजूंनी धक्के बसत होते आणि मी नुसती त्यांचं मनगट घट्ट धरून चालत होते. वयस्कर माणसाला न्यायचं तर रविवारी न्यावं, हे मला माहीत होतं. मी रजेची सोय बघितली, त्यांची नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

गाडीत मात्र ते बदलले. परळ, करी रोड, चिंचपोकळी. प्रत्येक स्टेशन यायच्या आधी ते नाव हळूच पुटपुटत होते आणि चिंचपोकळी सुटताच उठून दाराकडे सरकले. मी म्हटलं, "बाबा, अजून वेळ आहे." ते म्हणाले, "इथूनच उठावं लागतं."

भायखळ्याची ही दगडी इमारत 1857 ची, म्हणजे आपल्या सीएसएमटीपेक्षा तीस वर्षांनी जुनी. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हा इथे लाकडी स्टेशन होतं. अलीकडे वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली इमारतीचा जीर्णोद्धार झाला आणि 2022 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला. हे सगळं मी आधी वाचून गेले होते आणि बाबांना सांगणार होते.

सांगायची वेळच आली नाही. ते भिंतीपाशी गेले आणि दगडावर तळवा टेकवून उभे राहिले. मग बोटांनी दोन दगडांमधली सांध चाचपत कमानीपर्यंत गेले.

"हा दगड तेव्हाही होता?"

"हो, बाबा. वर रंगाचे थर होते. ते काढले."

"अकरा वर्षं," ते म्हणाले, "अकरा वर्षं याला पाठ टेकून गाडीची वाट बघितली. दगड आहे हे कधी कळलंच नाही."

बाकी कुठे कुठे फिरलो ते लिहीत बसत नाही. राणीच्या बागेत गेलो, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा घारापुरीचा दगडी हत्ती पाहिला, संग्रहालय छान आहे. गिरणीच्या रस्त्याला बाबा वळलेच नाहीत. मीही आग्रह केला नाही.

स्टेशनवर परत आल्यावर बाकावर टेकलो. शेजारी भाजीची पाटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. बाबांचा श्वास लागलेला पाहून त्यांनी काही न विचारता पाटी पायाशी ओढली, बाकाची कड मोकळी केली आणि म्हणाल्या, "नीट मागे टेका, दादा." एवढं स्टेशन सुंदर केलंय, पण दमलेल्या माणसाला निवांत बसायला बाक कमीच पडतात. ते वाढवायलाच हवेत. त्या मावशी नसत्या तर बाबा उभेच राहिले असते.

तेवढ्यात फास्ट आली. दादरला लवकर पोचलो असतो म्हणून मी उठले. बाबांनी माझा हात खाली ओढला.

"स्लोने जाऊ. फास्टमधून करी रोड नीट दिसत नाही."