सॅग मिलच्या आत उतरलात तर ग्रेटच्या मागे नक्की बघा

रिलाइनिंगच्या (आतलं झिजलेलं अस्तर बदलायच्या) शटडाऊनला सॅग मिलच्या, म्हणजे बॉल आणि दगडांच्या माराने खनिज दळणाऱ्या मोठ्या फिरत्या पिंपाच्या, आत जायला मिळालं, पुढे कोणी जाणार असेल तर पहिली गोष्ट सांगते, मिल धुवायच्या आधी आत बघायची परवानगी मागा. फीड, पाणी, मिल सगळं एकदम बंद केलेलं असेल आणि बॉल स्लरीत (पाणी आणि दळलेलं खनिज यांच्या मिश्रणात) बुडालेले दिसले तर समजायचं की स्लरी वेळेत बाहेर पडतच नाहीये. आम्हाला नेमकं तेच दिसलं. हे साचलेलं तळं वरून पडणाऱ्या बॉलचा मार अडवतं आणि चार्जच्या (आतल्या बॉल-दगडांच्या ढिगाच्या) उलट बाजूने वजन टाकतं, म्हणून मिलचं वजन वाढत असताना पॉवर मात्र घसरते.

आत जाताना लॉकआउट (मिल चुकूनही सुरू होऊ नये म्हणून कुलूप), ब्रेक, हवेची तपासणी हे सगळं झालंच पाहिजे, आणि वर भिंतीच्या लिफ्टरवर (चार्ज उचलणाऱ्या पट्ट्यांवर) अडकलेला बॉल कधीही सुटू शकतो म्हणून वरचं मोकळं करून घेतल्याशिवाय खाली उभं राहू नका.

आता खरी गंमत. सगळे ग्रेटचे (स्लरी बाहेर सोडणाऱ्या जाळीचे) स्लॉट मोजतात, मोजायलाच हवेत, कारण बॉलच्या माराने कडा चेपून स्लॉट बारीक होतात आणि दगडही अडकून बसतात. पण एक पॅनल काढल्यावर टॉर्च मारून मागचे पल्प लिफ्टर (ग्रेटमधून आलेली स्लरी वर उचलून बाहेर टाकणारे कप्पे) बघा! आमच्याकडे ग्रेटच्या मागच्या अंगाला स्लॉटच्या कडेने गुळगुळीत खाचा पडल्या होत्या. लिफ्टर स्लरी घेऊन वर चढतो तेव्हा त्याची एक भिंत म्हणजे ग्रेटच असते ना, मग तीच स्लरी त्याच भोकांतून परत मिलमध्ये येते, त्या खाचा त्याच्याच. अशा वेळी नुसते स्लॉट वाढवून फार काही साधत नाही, कारण जाण्याची वाट मोठी झाली तशी परत यायची पण झाली. दोन कप्प्यांचे लिफ्टर याचसाठी निघाले, स्लरी ग्रेटपासून लांबच्या कप्प्यात सरकते आणि मग परत येऊ शकत नाही.

पल्प लिफ्टरच्या बाहेरच्या टोकाची झीज पण बघा. लिफ्टर वरून जाताना पूर्ण रिकामा झाला नाही तर गोटे आतच राहून फिरत बसतात आणि तिथलं लायनिंग खाऊन टाकतात. मिलचा वेग जास्त असेल तर हे वाढतं.

सोबत स्लॉटसाठी गेज न्या, फोटोत पट्टी ठेवा, आणि प्रत्येक फोटोत मिल फिरायच्या दिशेचा बाण खडूने काढा, नाहीतर नंतर कुठली झीज कुठल्या बाजूची ते कळत नाही. वक्र पल्प लिफ्टर बसवायचा विचार असेल तर ऑपरेशनवाल्यांना आधीच विचारा, मिल दोन्ही दिशांना फिरवतात का, कारण वक्र लिफ्टर एकाच दिशेसाठी असतात.