घडाघडा बोलतं, मग लिहिताना का अडतं?

पालक विचारतात, नवे शिक्षकही विचारतात: मूल घडाघडा बोलतं, वाद घालतं, मग विज्ञानाचं किंवा इतिहासाचं उत्तर लिहिताना दोन ओळींवर का थांबतं? आणि उत्तरं लिहायची ही भाषा शिकवायची कुणी, भाषेच्या शिक्षकांनीच ना? मी विज्ञान शिकवते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

बोलायची भाषा वेगळी, अभ्यासाची वेगळी. जिम कमिन्स या अभ्यासकांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. परक्या भाषेत शिकू लागलेली मुलं साधारण २ वर्षांत बोलण्याला सरावतात, पण अभ्यासाच्या भाषेत इतरांच्या बरोबरीला यायला त्यांना ५ ते ७ वर्षं लागतात, असं त्यांना आढळलं. आपल्याच भाषेत शिकणाऱ्या मुलांनाही ही वाट टळत नाही, कारण पुस्तकातली मराठी कुणाच्याच घरी बोलत नाहीत. घरी आपण ‘ऊन होतं, कपडे लवकर वाळले’ म्हणतो. पुस्तक म्हणतं, ‘बाष्पीभवनाचा वेग तापमानावर अवलंबून असतो.’ कपडे गेले, ऊन गेलं, वाळण्याचं नाम झालं आणि त्या नामाला वेग जोडला गेला. मूल अडतं ते इथे. ‘बाष्पीभवन’ पाठ करून ही गाठ सुटत नाही.

खरं तर अवघड शब्दांची मला फारशी काळजी वाटत नाही. ते नवे आहेत हे मुलाला दिसतं, ते विचारतं. फसवतात ते ओळखीचे शब्द. तासभर भिंत ढकलली, घाम निघाला, पण भिंत हलली नाही, तर भौतिकशास्त्रात भिंतीवर झालेलं ‘कार्य’ शून्य. ‘पद’ बीजगणितात एक, व्याकरणात दुसरं, नागरिकशास्त्रात तिसरं. गणितात तर एवढ्याशा शब्दावर उत्तर फिरतं: १० ही संख्या २० ने वाढली तर ३०, २० पर्यंत वाढली तर २०, २० पट झाली तर २००. इथे मूल चुकलं की आपण त्याचं गणित कच्चं ठरवतो.

मी बरीच वर्षं फळ्यावर शब्द आणि अर्थ लिहून देत होते. मुलं उतरवून घ्यायची आणि ते शब्द वहीतच राहायचे. आता उलटं करते. एकदा ग्लासात लाल रंगाचं पाणी आणि बर्फ घातला. बाहेरून थेंब जमले. एक मुलगी बोट दाखवत म्हणाली, “हे गार आहे ना, मग ते इथे येतं आणि असं होतं.” सगळ्यांना कळलं, कारण ग्लास समोर होता. मी तो कपाटात ठेवला. “आज जो आलेला नाही त्याला सांग.” ती थांबली. मग ‘हे’ची काच झाली, ‘ते’ची हवेतली वाफ झाली: “हवेतली वाफ गार काचेला लागली आणि तिचं पाणी झालं.” तेव्हा कुठे मी ‘संघनन’ हा शब्द दिला, कारण आता त्याला बसायला जागा तयार होती. तिने लिहिलं, ‘हवेतील बाष्पाचे थंड काचेवर संघनन झाले.’ शेजारच्याने शंका काढली, आतलं पाणीच झिरपलं असेल तर? तिने पुढे लिहिलं, ‘थेंब रंगहीन होते. यावरून ते ग्लासातील पाणी नव्हते हे दिसते.’

मला ‘संघनन’पेक्षा ते ‘यावरून’ मोलाचं वाटतं. ते तिच्याबरोबर प्रत्येक तासाला जाईल.

म्हणून हे एकट्या भाषाशिक्षकांचं काम नाही. ब्रिटनमध्ये शाळांतल्या भाषाशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या बुलक समितीने १९७५ सालीच सांगितलं होतं की प्रत्येक शाळेचं सर्व विषयांना धरून भाषेचं धोरण असावं. कारण आणि निमित्त यांतला फरक इतिहासाच्याच तासाला कळणार. पक्ष, साध्य, सिद्धता ही मांडणी भूमितीच्याच तासाला.

सोप्या भाषेत सांगावं का? सुरुवातीला जरूर. पण वर्षभर सोप्याच नोट्स दिल्या तर मूल पुस्तकाच्या दारातच उभं राहतं. त्याच्यावर दया करताना आपण त्याची वाट अडवतो, असं माझं ठाम मत आहे.

घरी काय करावं, असंही विचारता. पुस्तकी बोलायला लावू नका. शाळेत काय पाहिलं ते घरच्याच भाषेत सांगू द्या, फक्त ‘मी तिथे नव्हते’ असं म्हणा आणि ‘ते’ म्हणजे काय, ‘असं’ म्हणजे कसं, एवढं विचारत राहा.