एकोणीस लिवा की, ताई

बीड जिल्ह्यात आशा म्हणून, म्हणजे गावातली आरोग्यसेविका म्हणून काम करते, अकरा वर्षं झाली. एप्रिल आला की साखर कारखान्यावरून ऊसतोडीला गेलेल्यांचे ट्रॅक्टर परत यायला लागतात आणि आम्ही घरोघरी फिरून गरोदर बाया शोधतो, कारण सहा महिने त्या उसाच्या फडात होत्या, सोनोग्राफी झाली का, गोळ्या खाल्ल्या का, कशाचाच पत्ता नसतो.

तशात ही पोरगी सापडली. दारात बसून कांदे निवडत होती. सातवा महिना, पण मला आधी पोट नाही दिसलं, मनगटं दिसली. हात वर केला की बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरायच्या.

आधार मागितलं तर सासू पुढं आली. "आशाताई, एकोणीस लिवा की, कोण बघतंय." कार्डावर सतरा वर्षं दोन महिने. लग्न दीड वर्षापूर्वी, कारखान्याला निघायच्या आठ दिवस आधी. असं का ते इकडच्यांना सांगायला नको, पण ऊस तोडायला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो ते कोयत्यावर, एकट्या पोराचा अर्धाच कोयता. आणि वयात आलेली लेक मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची ही भीती असतेच.

खोटं कशाला बोलू, मागं एकदा मी एकोणीस लिहिलं होतं. त्या पोरीला कळा देताना झटके आले, डॉक्टरांना खरं वय ठाऊकच नव्हतं. वाचली, पण तेव्हापासून नाही लिहीत.

तर गरोदर बाईला पैसे देणाऱ्या सरकारी मातृवंदना योजनेचा फॉर्म मोबाईलवर भरायला घेतला. पहिल्या बाळाला पाच हजार, आधी तीन, मग जन्मनोंद आणि लसी झाल्यावर दोन. जन्मतारीख टाकली आणि फॉर्म तिथंच अडकला, अठरा वर्षं सात महिने पूर्ण पाहिजेत. सासू माझ्या तोंडाकडं बघतेय, पोरगी कांद्याकडं. त्याच दिवशी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 7.4, म्हणजे फारच कमी.

पुढं दवाखान्यात वय कळलं की पोलिसांना कळवणं डॉक्टरांना भागच असतं, पोक्सोत, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात तसंच आहे. जबाब झाला, नवऱ्यावर केस झाली, तो तरी कोण, वीस वर्षांचं पोरगं. सासूनं माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणूनच अशा घरातली बाई नवव्या महिन्यापर्यंत दडवून ठेवतात आणि आम्हाला वरून बोलणी, नोंदणी उशिरा का झाली म्हणून.

बाळंतपण रात्रीच झालं, 102 ची रुग्णवाहिका वेळेत आली हे नशीब. पोरगी झाली, 1.9 किलो, नऊ दिवस काचेत. गाडी फुकट, दवाखाना फुकट, पिवळं रेशनकार्ड म्हणून दवाखान्यातल्या बाळंतपणाला मिळणारे जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये पण आले. तिथं वय आडवं आलं नाही. अंगणवाडीच्या पाकिटालाही नाही. फक्त जी रक्कम जरा मोठी तिलाच वय लागतं. मला सांगा, लग्न ठरवताना त्या घरात मातृवंदनाचं नाव तरी कुणी काढलं असेल का? मग पाच हजार अडवून बालविवाह कसा थांबणार? पकडायचं तर ज्यांनी लावून दिलं त्यांना पकडा ना, पोरीच्या ताटातले शेंगदाणे-गूळ कशाला काढता.

बेचाळिसाव्या दिवशी शेवटच्या भेटीला गेले. झोळीच्या काट्यावर बाळ 2.9 भरलं, पोरगी पहिल्यांदा हसली. बांगड्या तशाच सैल. सासू आत निघून गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, ते पैसे दुसऱ्या लेकराला भेटतील का मग?"

दुसऱ्याला सहा हजार आहेत, एकदम, पण मुलगी झाली तरच. हे मला पाठ आहे. मी सांगितलं नाही. काटा पिशवीत भरला, तिच्याजवळ खाली बसले आणि अंतरा, म्हणजे पाळणा लांबवायच्या इंजेक्शनचा विषय काढला.